मतदार नोंदणी आणि मतदान (नागपूर महापालिका)

नागपूर महानगरपालिकेच्या निवडणुकीत मत द्यायचे असेल तर नाव महापालिकेकडे नोंदवावे लागत नाही. तशी सोयच नाही. झोन कार्यालयात अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला तिथून तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे धाडले जाते, आणि तो बिचारा 'टोलवाटोलवी चालू आहे' असे समजून चिडतो. पण या वेळी कारकून बरोबर असतो. महापालिकेची स्वतःची मतदार यादी नसते. विधानसभेसाठी भारत निवडणूक आयोग जी यादी ठेवतो, तीच एका ठरावीक तारखेला उचलून प्रभागांप्रमाणे फोडली जाते. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर जी वादावादी ऐकू येते, तिच्यातली निम्मीअधिक या फोडणीतून निघालेली असते.

निवडणूक घेणारा आयोगही वेगळा. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवल्या. महाराष्ट्राचा आयोग १९९४ साली स्थापन झाला. यादी दिल्लीच्या आयोगाची, निवडणूक मुंबईच्या आयोगाची आणि राबणारे कर्मचारी बरेचसे महापालिकेचे, असा हा तिहेरी संसार आहे. शहरात नगरपालिका १८६४ पासून होती. तिची महापालिका २ मार्च १९५१ रोजी, नागपूरसाठी स्वतंत्रपणे केलेल्या १९४८च्या कायद्याखाली झाली. बॅरिस्टर शेषराव वानखेडे हे पहिले महापौर.

नोंदणी. नवे नाव घालण्यासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नावावर हरकत घेण्यासाठी नमुना ७, पत्ता बदलणे, दुरुस्ती आणि ओळखपत्राची दुसरी प्रत यांसाठी नमुना ८. अर्ज आयोगाच्या पोर्टलवर, मोबाइल ॲपवर किंवा आपल्या भागातल्या बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) देता येतो. चौकशीसाठी १९५० हा क्रमांक आहे. पूर्वी १ जानेवारीला १८ वर्षे पूर्ण नसली की पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा, म्हणजे १८ वर्षे पूर्ण झाली का ते पाहण्याच्या तारखा, आहेत.

अर्ज भरणे अवघड नाही. चुका होतात त्या नावाच्या लिपीत आणि पत्त्यात. इंग्रजीत टाइप केलेले आडनाव यंत्राने मराठीत उतरवले की 'ढोक'चा 'धोक' होतो आणि 'डोंगरे'चे 'दोंगरे'. माणूस यादीत असतो, पण मराठीत नाव शोधले तर सापडत नाही. अशा वेळी ओळखपत्रावरच्या क्रमांकाने शोधावे, नावाच्या नादी लागू नये. नंदनवनचे घर सोडून मनीषनगरात फ्लॅट घेतलेल्या कुटुंबाची अडचण निराळी. गॅसचा पत्ता बदलतो, बँकेचा बदलतो, मतदार यादीतला तसाच राहतो. विधानसभेला त्याचे फारसे बिघडत नाही. जुन्या वस्तीत जाऊन मत टाकून येता येते. महापालिकेत मात्र ज्या नाल्याची आणि ज्या रस्त्याची रोज तक्रार करायची, तिथला नगरसेवक निवडण्याचा हक्क दुसऱ्याच प्रभागात पडून राहतो. नमुना ८ वेळेवर भरणे एवढाच त्यावर उपाय आहे, आणि वेळेवर म्हणजे आयोगाने ठरवलेल्या तारखेआधी.

ही तारीख निर्णायक असते. जानेवारी २०२६च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली विधानसभा यादी धरली गेली. त्यानंतर ज्यांनी नाव नोंदवले, त्यांच्या हातात ओळखपत्र होते पण महापालिकेसाठी मत नव्हते. नागपूर शहरात दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर असे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत आणि प्रभाग ३८. दोन्हींच्या सीमा जुळत नाहीत, त्यामुळे विधानसभा यादीच्या एकाच भागातली काही घरे एका प्रभागात आणि काही दुसऱ्यात टाकावी लागतात. प्रारूप प्रभाग यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात. त्या काळात चुकीच्या प्रभागात गेलेले नाव परत आणता येते, लेखनिकाची चूक सुधारता येते, विधानसभा यादीत असून प्रभाग यादीत गळालेले नाव घालता येते. नवे नाव घालता येत नाही. हरकतींचे हे दिवस सामान्य मतदार सहसा कोरडेच जाऊ देतो. इच्छुक उमेदवार तेवढे यादीचे गठ्ठे घेऊन रात्र रात्र बसलेले असतात, कारण कोणती गल्ली कुठे गेली यावर त्यांचे गणित ठरते. २०२५च्या यादीत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते. अशा मतदाराने कोणत्या एकाच केंद्रावर मत देणार ते आधी कळवावे आणि नाही कळवले तर केंद्रावर हमीपत्र द्यावे, अशी व्यवस्था होती.

शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. अमरावती रस्त्यावरची वाडी पत्त्यात नागपूर लिहिते, पण तिथे स्वतंत्र नगर परिषद आहे. बेसा-पिपळ्याची नगरपंचायत आहे. उलट हुडकेश्वर-नरसाळा पूर्वी ग्रामपंचायतीत होते, ते पुढे महापालिकेत आले. फरक नुसता नावाचा नाही. वाडीचा मतदार नगराध्यक्ष थेट निवडतो. नागपूरचा महापौर नगरसेवक निवडतात, मतदाराला त्यासाठी बटण नसते.

मतांची संख्या. एका मतदाराला किती मते, याचे उत्तर नागपूरकराला दर निवडणुकीत नव्याने शिकावे लागले आहे. २००२ मध्ये त्रिसदस्य प्रभाग होते, २००७ मध्ये एकसदस्य वॉर्ड, २०१२ मध्ये द्विसदस्य प्रभाग आणि २०१७ पासून चार सदस्यांचे. मध्ये २०२२ साली पुन्हा त्रिसदस्य रचना तयार झाली होती, ती कागदावरच राहिली. सध्याच्या १५१ जागा ३७ प्रभागांत प्रत्येकी चार आणि एका प्रभागात तीन अशा वाटल्या आहेत. पद्धत बदलण्याची कारणे प्रशासकीय म्हणून सांगितली जातात, पण त्या त्या वेळच्या सत्ताधाऱ्यांची सोय त्यात दिसते हे लपत नाही. मतदाराच्या बाजूने पाहिले तर तोटा असा की चार नगरसेवक असले की दिवाबत्ती बंद पडल्यावर नेमके कोणाला धरायचे ते ठरत नाही. लोक आजही 'आमच्या वार्डाचा मेंबर' असेच म्हणतात, एकवचनात.

फेब्रुवारी २०१७ नंतर पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर प्रशासक कारभार पाहत होते. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना हे वाद न्यायालयात अडकले होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घातली. एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या राज्यातल्या दोन महापालिकांत चंद्रपूरबरोबर नागपूरही होते, म्हणून इथला निकाल न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवला गेला. २०१७ नंतर अठरा पूर्ण केलेल्यांपैकी थोरल्यांना महापालिकेसाठी पहिले मत देईपर्यंत वयाची पंचविशी उलटून गेली होती.

मतदान. १५ जानेवारी म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, कर. वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. केंद्रे बहुतेक शाळांतून असतात. केंद्रापासून ठरावीक अंतरावर पक्षांची टेबले लागतात. तिथला पोरगा मोबाइलमध्ये नाव शोधून चिठ्ठीवर यादी भाग आणि अनुक्रमांक लिहून देतो. ही चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे. मतदार ओळखपत्र, आधार, पासपोर्ट किंवा मान्य यादीतले दुसरे एखादे कागदपत्र सोबत लागते. ओळखपत्र आहे पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही.

आत पहिला अधिकारी अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही खूण करता येते. दुसऱ्याकडे सही किंवा अंगठा आणि डाव्या तर्जनीला शाई. मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे एकापेक्षा जास्त मतदान यंत्रे ओळीने मांडलेली दिसतात आणि इथे पुष्कळजण अडखळतात. प्रभागातल्या जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी. प्रत्येक रंगात एकदाच बटण दाबायचे. दाबले की दिवा लागतो. एकाच जागेसाठी दोन उमेदवारांना मत देता येत नाही, आणि एक जागा आवडली नाही म्हणून ती सोडूनही देता येत नाही. त्या जागेसाठी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे. चारही मते पूर्ण झाली की लांब बीप वाजतो. एकच बटण दाबून बाहेर निघालेल्या आजीला 'अहो आजी, अजून तीन राहिले' म्हणून परत बोलावण्याचे काम चारसदस्य प्रभागातल्या केंद्राध्यक्षाला दिवसभर करावे लागते. लोकसभा-विधानसभेला कागदी पावती काचेतून दिसते, ती इथे शोधू नये. राज्यातल्या स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरले जात नाही.

२०२६ साली शाईवरूनही वाद झाला. बाटलीतल्या शाईऐवजी मार्कर पेनने खूण केली जात होती आणि ती पुसता येते अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. मार्कर २०११ पासूनच वापरात असल्याचे आयोगाने सांगितले. खूण पुसली तरी दुसऱ्यांदा मत देता येत नाही, कारण यादीत त्या नावापुढे आधीच खूण झालेली असते आणि नोंदवहीत सही असते.