मिडलमार्च : कादंबरीची ध्वनिमुद्रित वाचने

जॉर्ज एलियट (मूळ नाव मेरी ॲन एव्हान्स, १८१९–१८८०) या इंग्रज लेखिकेच्या ‘मिडलमार्च’ या कादंबरीची ऑडिओबुक स्वरूपातील वाचने. कादंबरी डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या वर्षभरात आठ भागांत प्रथम प्रसिद्ध झाली. प्रस्तावना, ८६ प्रकरणे आणि उपसंहार मिळून तिची शब्दसंख्या तीन लाखांच्या पुढे जाते. मिनिटाला दीडशे शब्द या शांत गतीने संपूर्ण संहिता वाचली, तर ध्वनिमुद्रण सुमारे ३५ तासांचे होते. तिची अनेक व्यावसायिक वाचने बाजारात असून लिब्रिवॉक्स या ध्वनिपुस्तकांच्या उपक्रमातील स्वयंसेवकांनी केलेले वाचन मोफत मिळते. अभिनेत्री ज्यूलिएट स्टीव्हन्सन यांचे नॅक्सॉस ऑडिओबुक्सने २०११ मध्ये काढलेले अखंड वाचन त्यांत विशेष नावाजले गेले.

व्हिक्टोरियन काळातील बहुतेक गाजलेल्या कादंबऱ्या आज ऐकायला मिळतात. तरी ‘मिडलमार्च’ वाचणाऱ्याची परीक्षा वेगळीच आहे. या कादंबरीत सर्वांत जास्त बोलतो तो निवेदक. तो आवाज साधला नाही, तर पात्रांच्या कितीही नकला उत्तम जमल्या तरी कादंबरी हाती लागत नाही.

मोठ्याने वाचण्याची रीत

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज घरांत कादंबरी ही पुष्कळदा ऐकण्याची गोष्ट होती. संध्याकाळी एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी शिवणकाम करत किंवा शेकोटीजवळ बसून ऐकायचे, ही रीत सर्रास होती. चार्ल्स डिकन्सने तर स्वतःच्या लेखनाच्या जाहीर वाचनाचे कार्यक्रम केले. १८५३ मध्ये बर्मिंगहॅमला धर्मादाय कार्यासाठी केलेल्या वाचनापासून मार्च १८७० मधील लंडनच्या निरोपाच्या वाचनापर्यंत त्याने सभागृहे भरून टाकली. एलियट त्या वाटेने गेली नाही. मोठ्याने वाचणे हा तिच्या घरगुती आयुष्याचा भाग होता. वडिलांच्या अखेरच्या आजारात ती त्यांना वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्या वाचून दाखवी. पुढे जोडीदार जॉर्ज हेन्री लुईस आणि ती संध्याकाळी एकमेकांना वाचून दाखवत.

ही सवय कादंबरीतही जागोजाग दिसते. दुसऱ्याच प्रकरणात जेवणाच्या टेबलावर वयस्कर विद्वान कॅसॉबन सांगतो, की जुनी अक्षरे वाचून आपली दृष्टी थकली आहे, संध्याकाळी वाचून दाखवणारे कोणी हवे आहे. मात्र आवाजाच्या बाबतीत आपण चोखंदळ आहोत आणि सदोष वाचन आपल्याला सोसवत नाही. तरुण डोरोथिया ते ऐकते. आंधळ्या मिल्टनला वाचून दाखवणाऱ्या त्याच्या मुली तिच्या मनात आदर्श म्हणून असतातच. कॅसॉबनशी लग्न झाल्यानंतर, ४८व्या प्रकरणात, ती नवऱ्याला त्याचीच टिपणे वाचून दाखवते आणि तो ‘खूण कर’ म्हणेल तिथे पेन्सिलीने फुली मारते. या प्रसंगातील घुसमट ऐकताना अधिक जाणवते, कारण इथे आपल्यालाही कोणीतरी वाचूनच दाखवत असते.

याच्या अगदी उलट चित्र गार्थ कुटुंबाचे. तिथे जिम हा मुलगा झाडाखाली जमलेल्या घरच्यांना स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ वाचून दाखवतो. लिलाव पुकारणारा ट्रम्बुल मात्र स्कॉटच्या दुसऱ्या एका कादंबरीचे पान आपण जणू लिलावच करतो आहोत अशा थाटात वाचतो आणि तिच्या नावातील ‘गायरश्टाइन’चे ‘जीरस्टीन’ करून टाकतो. एलियटने हा चुकीचा उच्चार कंसात लिहिला आहे. ध्वनिमुद्रणात कंस दिसत नाही. मोठ्याने वाचणाऱ्याने चुकीचा उच्चार नुसता करायचा की कंसातला मजकूरही म्हणून दाखवायचा, हे त्याला ठरवावे लागते.

तबकडीपासून मोबाइलपर्यंत

टॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांविषयी लिहिताना अंधांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांची कल्पना मांडली. त्या वेळी एलियट हयात होती. टेनिसन आणि ब्राउनिंग या कवींचे आवाज १८८९–९० च्या सुमारास मेणाच्या नळकांड्यांवर उतरले. तोवर तिचे निधन झाले होते. शिवाय काही मिनिटांत भरणाऱ्या नळकांड्यावर अख्खी कादंबरी मावणे अशक्यच होते.

लांब पुस्तके खऱ्या अर्थाने ध्वनिमुद्रित होऊ लागली ती अंध वाचकांमुळे, आणि हे श्रेय ठळकपणे नोंदवायला हवे. अमेरिकेत १९३४ पासून, तर ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९३५ पासून ‘बोलकी पुस्तके’ सुरू झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज ब्रिटनमधील या कामामागे होती. तिथल्या तबकड्या मिनिटाला २४ फेरे या संथ गतीने फिरत आणि एका बाजूवर सुमारे २५ मिनिटांचे वाचन बसे. या हिशेबाने ‘मिडलमार्च’ला बेचाळीसेक तबकड्या लागल्या असत्या. त्या टपालाने मागवायच्या, उलटायच्या, क्रमाने लावायच्या आणि परत पाठवायच्या. तरीही अंध वाचकांनी अशी पुस्तके दशकानुदशके ऐकली. आज दिसणारी ऑडिओबुकची बाजारपेठ या पायावर उभी आहे. भारतातही मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने, म्हणजे ‘नॅब’ने, बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय चालवले.

कॅसेटच्या काळात सामान्य श्रोता या प्रकाराकडे वळला, पण कादंबऱ्यांना कात्री लागली. नव्वद मिनिटांच्या कॅसेट धरल्या तरी ‘मिडलमार्च’ला दोन डझन लागणार, दुकानात एवढा संच परवडणारा नव्हता. म्हणून मोठ्या कादंबऱ्यांच्या काही तासांच्या संक्षिप्त आवृत्त्या निघत. अशा संक्षेपात कथानक टिकते: डोरोथियाचे फसलेले लग्न, डॉक्टर लिडगेटची कर्जबाजारी ओढाताण, बँकर बल्स्ट्रोडचे उघडे पडलेले पाप. गाळले जाते ते निवेदकाचे चिंतन. ‘मिडलमार्च’मधून चिंतन काढले, की उरते ती एका गावातील लग्नांची आणि मृत्युपत्रांची हकिकत. त्यामुळे तिचा संक्षेप ऐकू नये, असे इथे स्पष्टच सांगणे योग्य ठरेल. सीडीवर अखंड वाचनासाठी सत्तावीस-अठ्ठावीस चकत्या लागत. इंटरनेटवरून फाइल उतरवून घेता येऊ लागल्यावर मात्र लांबीचा हा अडसर संपला, आणि अखंड वाचन हाच संकेत झाला.

निवेदकाचा आवाज

हा निवेदक सर्वज्ञ आहे, पण लांब उभा राहून निकाल देणारा नाही. तो वाचकाला ‘आपण’ म्हणून सोबत घेतो, मध्येच थांबतो, स्वतःला प्रश्न विचारतो. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २९व्या प्रकरणाच्या आरंभी आहे. लोविकला, म्हणजे कॅसॉबनच्या घरी, आल्यानंतर काही आठवड्यांनी, एका सकाळी, डोरोथिया... इतके म्हणून वाक्य तुटते आणि निवेदक विचारतो, नेहमी डोरोथियाच का? या लग्नाकडे फक्त तिच्याच बाजूने का पाहायचे? तिथून तो थेट कॅसॉबनच्या मनात शिरतो आणि आतापर्यंत हास्यास्पद वाटलेल्या त्या माणसाची भीती आणि एकाकीपण उलगडतो. छापील पानावर हा बदल एका आडव्या रेघेने होतो. मोठ्याने वाचताना आवाजालाच अडखळावे लागते, आणि ते अडखळणे पाठ केल्यासारखे वाटता कामा नये. एखादे वाचन निवडण्याआधी हे प्रकरण ऐकून पाहावे. मोठ्याने वाचणाऱ्याला कादंबरी किती कळली आहे याचा अंदाज त्या एका वाक्यावरून येतो.

पंधराव्या प्रकरणाच्या सुरुवातीला निवेदक आपल्या आवाजाविषयी बोलतो. अठराव्या शतकातला हेन्री फील्डिंग रंगमंचाच्या कडेला आरामखुर्ची टाकून निवांत गप्पा मारी. त्या काळी दिवस लांब होते. आपण उशिरा आलेले इतिहासकार तसे रेंगाळलो, तर आपले बोलणे पोपटांच्या पिंजऱ्यासमोर छोट्या स्टुलावर बसून केल्यासारखे पातळ आणि घाईचे वाटेल, असे तो म्हणतो. मोठ्याने वाचणाऱ्यासाठी ही जवळजवळ दिग्दर्शकाची सूचनाच आहे: आवाज ऐसपैस हवा, पण आपण फार बोलतो आहोत याची जाणीव असलेलाही हवा.

त्याहून अवघड जागा मुक्त अप्रत्यक्ष निवेदनाच्या. वाक्य निवेदकाचे असते, शब्दांचा कल मात्र पात्राचा. लिडगेटची बायको रोझमंड हिला नवऱ्याच्या अडचणी हा आपल्यावरचाच अन्याय वाटतो, किंवा बँकर बल्स्ट्रोड प्रार्थनेच्या भाषेत स्वतःच्या स्वार्थाचे समर्थन करत राहतो, तेव्हा ते वाक्य कोणाच्या तोंडी द्यायचे? डोळ्यांनी वाचणारा हा निर्णय लांबणीवर टाकू शकतो. एलियटलाही ती संदिग्धता हवीच आहे. मोठ्याने वाचणाऱ्याला प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या सुरातच म्हणावा लागतो. बल्स्ट्रोडला पूर्ण ढोंगी केले, तर ६१व्या प्रकरणातील त्याच्या भूतकाळाची उकल फुकट जाते, कारण तो जाणूनबुजून फसवणारा भोंदू नाही, आपल्या इच्छांशी आपली श्रद्धा हळूहळू जुळवून घेणारा माणूस आहे, असे तिथे निवेदक आवर्जून सांगतो. चांगला वाचक अशा वाक्यांत पात्राच्या आवाजाची छटा आणतो, पण निवेदकाचा सूर सोडत नाही.

पात्रांचे आवाज त्या मानाने सोपे, तरी त्यांतही सापळे आहेत. डोरोथियाचे काका मिस्टर ब्रुक प्रत्येक विचार अर्धवट सोडतात आणि ‘यू नो’ची पेरणी करत पुढे जातात, ते ऐकताना हसू येतेच. ५१व्या प्रकरणात त्यांचे निवडणुकीचे भाषण गर्दीतून कोणीतरी कळसूत्री बाहुल्याच्या चिरक्या आवाजात शब्दाशब्दाने परत म्हणते. एकाच वाचकाने आधी ब्रुक व्हायचे आणि लगेच ब्रुकची टवाळी करणारा प्रतिध्वनी व्हायचे, असा हा पेच आहे. कष्टकरी कूळ डॅगली मिडलँड्सच्या ग्रामीण बोलीत जमीनदाराला सुनावतो. ती बोली विनोदी केली, तर त्याचा संताप वाया जातो. डोरोथियाचा आवाज कॅसॉबनचा तरुण नातलग विल लॅडिस्लॉ याला वाऱ्याने झंकारणाऱ्या वीणेत राहिलेल्या आत्म्यासारखा वाटतो. असा आवाज कोणत्याही वाचकाने काढायचा प्रयत्न करू नये हेच बरे.

यात भर प्रकरणांच्या शिरोभागी असलेल्या अवतरणांची. त्यांतील पुष्कळ एलियटने स्वतः रचलेली आहेत, तर काही सेर्व्हान्तेसच्या स्पॅनिशमध्ये किंवा दान्तेच्या इटालियनमध्ये आहेत. अडखळत म्हटलेली इटालियन ओळ प्रकरणाची सुरुवातच बिघडवते.

स्टुडिओतील काम आणि स्टीव्हन्सन यांचे वाचन

एका तासाच्या तयार वाचनासाठी स्टुडिओत साधारण दोन तास तरी जातात. ‘मिडलमार्च’साठी हे काम अनेक दिवस चालते. आवाज थकतो, सर्दी होते, दुपारच्या जेवणानंतर सूर बदलतो. पहिल्या दिवशी ब्रुकला दिलेला आवाज शेवटच्या प्रकरणांत तसाच यावा लागतो. म्हणून अनुभवी वाचक पात्रांच्या आवाजांची टिपणे ठेवतात आणि आधी मुद्रित केलेले तुकडे पुन्हा ऐकतात.

स्टीव्हन्सन (जन्म १९५६) मूळच्या रंगभूमीच्या. रॉयल शेक्सपिअर कंपनीत त्यांनी भूमिका केल्या आणि नॅक्सॉससाठी जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्याही वाचल्या. ‘मिडलमार्च’मध्ये त्यांनी पात्रांना वेगवेगळे आवाज दिले आहेत, पण त्यांचे खरे यश निवेदकात आहे. अनेक उपवाक्ये पोटात घेऊन चालणारी एलियटची वाक्ये त्यांच्या तोंडी अर्थानुसार दुमडतात आणि उलगडतात. क्रियापद येईपर्यंत ऐकणारा हरवत नाही. छापील पानावर तीनदा वाचावे लागलेले वाक्य इथे पहिल्या ऐकण्यात कळते, आणि रंगभूमीवर घडलेल्या आवाजाचा हा मोठाच उपयोग म्हणायचा.

मोफत वाचने आणि हक्क

कादंबरीचा कॉपीराइट केव्हाच संपला आहे. त्यामुळे कोणीही ती वाचून मुद्रित करू शकतो. मात्र प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा हक्क स्वतंत्र असतो. भारतात तो प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे एलियटचे शब्द सर्वांचे असले, तरी २०११ चे वाचन विकतच घ्यावे लागते.

कॅनडातील माँट्रियल येथे ह्यू मॅकग्वायर यांनी ऑगस्ट २००५ मध्ये सुरू केलेल्या लिब्रिवॉक्स या उपक्रमाने यावर उपाय काढला. स्वयंसेवक कॉपीराइटमुक्त पुस्तके घरबसल्या वाचतात, दुसरे स्वयंसेवक ती ऐकून चुका दाखवतात आणि ध्वनिमुद्रण सार्वजनिक मालकीचे म्हणून खुले केले जाते. काही पुस्तके एकच जण वाचतो, काही अनेक जण प्रकरणे वाटून घेऊन. वाटून केलेल्या वाचनात दर प्रकरणाला आवाज आणि उच्चारांची धाटणी बदलते. घटनाप्रधान कादंबरीला ते चालून जाते. ‘मिडलमार्च’चा धागा निवेदकाच्या एकसंध व्यक्तिमत्त्वात असल्याने तिथे मात्र एकाच वाचकाचे ध्वनिमुद्रण निवडावे.

मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी साहित्याकडे वळलेल्या श्रोत्याला सुरुवातीचे काही तास जड जातात. प्रोजेक्ट गुटेनबर्गवरील मोफत संहिता समोर ठेवून पहिली दहा प्रकरणे ऐकली, की नावे आणि नातेसंबंध पक्के होतात. ब्रुक, व्हिन्सी, गार्थ आणि फेदरस्टोन घराण्यांचा गुंता कानाने सोडवणे इंग्रज श्रोत्यालाही सोपे नाही. ॲपवर गती वाढवण्याची सोय असते, पण ती इथे वापरू नये. दीडपट वेगाने कथानक समजते, मात्र २९व्या प्रकरणातील ते तुटलेले वाक्य कानाला जाणवतही नाही. रोज एक तास ऐकले, तर कादंबरी पाच आठवड्यांत पूर्ण होते. मूळ वाचकांना तिच्यासाठी वर्षभर एकेका भागाची वाट पाहावी लागली होती.