फसवा दृष्टांत (प्रोग्रॅमिंगच्या वादांतील)

प्रोग्रॅमिंगवरच्या ऑनलाइन वादात मूळ मुद्दा बाजूला ठेवून ओळखीच्या एखाद्या वस्तूविषयी बोलायचे आणि तिथे निघालेला निष्कर्ष गुपचूप कोडला चिकटवायचा, याला फसवा दृष्टांत म्हणता येईल. दृष्टांत एकदेशी असतो असे पूर्वापार सांगतात: ज्या अंगापुरते साम्य आहे, तेवढ्यापुरताच तो घ्यायचा. वाद रंगला की हे भान सुटते.

सर्वांत झिजलेला दृष्टांत धारदार सुरीचा. सी भाषेत मेमरी सांभाळण्याचे काम प्रोग्रॅमरवर असते. त्यावर कुणी बोट ठेवले की उत्तर तयार असते, 'सुरी धारदारच हवी, हात ज्याचा त्याने सांभाळावा.' ऐकायला पटते. पण सुरी ज्याच्या हातात असते त्यालाच बहुधा कापते, आणि तिथल्या तिथे कापते. इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करून सुरक्षित ठेवणाऱ्या, सीमध्येच लिहिलेल्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील 'हार्टब्लीड' ही २०१४ मध्ये उघडकीस आलेली चूक पाहा. जोडणी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी एक बाजू थोडा मजकूर आणि त्याची लांबी पाठवते, दुसरीने तोच मजकूर परत करायचा असतो. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासलेच जात नव्हते. एखादा बाइट पाठवून चौसष्ट हजारांची लांबी सांगितली, की शेजारच्या मेमरीत जे असेल ते, अगदी पासवर्डसुद्धा, बाहेर येई. सदोष कोड २०१२ च्या आवृत्तीत आला होता. दोन वर्षे लिहिणाऱ्याच्या बोटाला ओरखडाही नाही. धोका होता तो ज्यांनी तो कोड कधी पाहिलाही नाही त्यांना.

समोरची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. मेमरीच्या अशा चुका आधीच अडवू पाहणाऱ्या रस्ट या भाषेचे समर्थक सीटबेल्टचा दाखला देतात. सीटबेल्ट गाडी कुठून न्यायची ते ठरवत नाही. रस्टचा बॉरो चेकर, म्हणजे मेमरीच्या वापराचे नियम प्रोग्रॅम चालण्याआधीच तपासणारी यंत्रणा, मात्र काही निर्दोष प्रोग्रॅमही नाकारतो आणि डेटाची मांडणीच बदलायला लावतो.

सॉफ्टवेअर घाईने, आराखड्याविना लिहिले जाते अशी तक्रार करताना विचारला जाणारा 'पूल असे बांधतात का?' हा प्रश्न त्याच जातीचा. सॉफ्टवेअर लिहिणारे जॅक रीव्ह्ज यांनी १९९२ मध्ये मांडले, की सोर्स कोड हाच आराखडा. बांधकाम कंपायलर (कोडचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर करणारा प्रोग्रॅम) करतो, तेही जवळजवळ फुकट. हे मान्य केले तर पुलाच्या हिशेबातला सर्वांत महागडा टप्पाच उरत नाही.

चांगला दृष्टांतही हातोहात बिघडतो. प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये कोडसाठी कर्जाची उपमा वापरली. काम करता करता वाढलेली समज कोडमध्ये मागाहून उतरवत राहणे, ही त्यांच्या लेखी परतफेड. पुढे गबाळ्या कोडचे समर्थन करायला तीच उपमा वापरली जाऊ लागली, तेव्हा आपल्याला तसे म्हणायचे नव्हते हे त्यांना सांगावे लागले.

संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८८ मध्ये याहून टोकाची भूमिका घेतली: संगणन इतके नवे आहे की जुन्या अनुभवातल्या उपमा तिथे अपुऱ्याच पडणार. पण उपमेचा मोह त्यांनाही सुटला नव्हता: बेसिक ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकलेले विद्यार्थी मनाने कायमचे जायबंदी होतात, हे १९७५ चे विधानही त्यांचेच.