सत्तावन्न डेल आणि मणक्यातलं गेट

व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज उगवतो. माणूस जास्तीत जास्त ४५ डेल वेदना सहन करू शकतो, पण बाळंतपणात बाईला ५७ डेल होतात, म्हणजे एकाच वेळी वीस हाडं मोडल्यासारखं दुखतं! खाली जोडलेले हात आणि ‘आईला सलाम’. परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा आला. माझी भाची आठव्या महिन्यात नाशिकच्या इंदिरानगरला माहेरी आली आहे. तिला दुखणं थांबवणारं कुठलंही औषध न घेता बाळंत व्हायचं आहे आणि त्याची ती मनापासून तयारी करते आहे. मेसेज वाचून तिचा चेहरा उतरला. आईला सलाम ठोकता ठोकता होऊ घातलेल्या आईची झोप उडवायची, हे मला काही पटलं नाही.

डेल नावाचं वेदनेचं एककच नाही. शिवाय ४५ च्या पुढे माणूस सहनच करू शकत नसेल तर ५७ पर्यंत मोजलं कुणी, हा प्रश्न फॉरवर्ड करणाऱ्याला पडत नाही. नावाने जवळचं एक एकक मात्र खरंच होतं, ‘डोल’. १९४० च्या दशकात अमेरिकेत जेम्स हार्डी आणि सहकाऱ्यांनी कातडीवर उष्णतेचा झोत टाकून वेदनेची पट्टी तयार केली. तिचं वरचं टोक साडेदहा डोल. त्यापुढे उष्णता वाढवली तरी दुखणं वाढल्याचं कुणी सांगेना. ही मंडळी ते यंत्र घेऊन लेबर रूममध्येसुद्धा गेली. कळ ओसरली की बाईच्या हातावर चटका द्यायचा आणि विचारायचं, मघाच्या कळेएवढं दुखलं का? हात भाजण्यापर्यंत मजल गेली. पुढे हे एकक मागे पडलं, कारण वेदना अशी तापमानासारखी मोजता येते हे गृहीतकच कच्चं होतं.

ते का कच्चं होतं, हे १९६५ मध्ये नीट मांडलं गेलं. कॅनडाचे रोनाल्ड मेलझॅक आणि ब्रिटनचे पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात वेदनेचा ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला. माझ्या मते शरीरशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या कल्पनांपैकी ही एक, त्यामुळे तिच्याजवळ जरा जास्त रेंगाळणार आहे.

पावसाळ्यात आपण नाशिककर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघून पूर मोजतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. पण मारुतीच्या कमरेशी किती पाणी येणार हे फक्त त्र्यंबक-आंबोलीत किती कोसळला यावर ठरत नाही. मध्ये गंगापूर धरण आहे आणि त्याचे दरवाजे किती उचलायचे हे तिथे ठरतं. मेलझॅक आणि वॉल म्हणाले, गर्भाशयापासून असो की बोटापासून, मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर मज्जारज्जूत असंच एक ठिकाण आहे. येईल ते सगळं तिथून पुढे सोडलं जात नाही.

आता जरा आत शिरू. मज्जारज्जूकडे येणारे मज्जातंतू एका जाडीचे नसतात. स्पर्श, दाब, चोळणं यांची खबर आणणारे ए-बीटा तंतू जाड असतात आणि त्यांच्यावर मायलिनचं आवरण असतं. त्यांतून संदेश सेकंदाला ३५ ते ७५ मीटर या वेगाने धावतो. बोथट, रेंगाळणारी वेदना आणणारे सी तंतू अगदी बारीक, बिनआवरणाचे. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याइतकाच. पायाचं बोट खाटेच्या पायाला आपटलं की आधी ‘आपटलं’ हे कळतं आणि खरा ठणका जरा उशिरा येतो, तो यामुळेच.

हे दोन्ही तंतू मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात, म्हणजे त्याच्या पाठीकडच्या भागात, उतरतात. तिथल्या दुसऱ्या थरात, ‘सबस्टॅन्शिया जिलॅटिनोसा’ या भागात, छोट्या मध्यस्थ चेतापेशी असतात. त्यांचं काम पुढच्या प्रक्षेपक पेशीला, म्हणजे मेंदूकडे खबर पाठवणाऱ्या पेशीला, दाबून धरणं. जाड तंतूंतून स्पर्शाचे संदेश आले की मध्यस्थ पेशी जाग्या होतात, प्रक्षेपक पेशी दबते आणि गेट मिटतं. बारीक तंतूंतून वेदनेचे संदेश आले की मध्यस्थ पेशींनाच गप्प केलं जातं आणि गेट उघडतं. या दोन्हींवर तिसरा ताबा वरून येतो. मध्यमेंदूतल्या ‘पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे’ या भागातून लंबमज्जेमार्गे खाली उतरणारे तंतू एंडॉर्फिनसारखी रसायनं, सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन यांच्या मदतीने गेटची फट कमी-जास्त करतात. म्हणजे भीती, लक्ष आणि विश्वास या ‘मनाच्या’ गोष्टींना मणक्यापर्यंत प्रत्यक्ष तारा जोडलेल्या आहेत. मूळ आकृतीतले काही तपशील, विशेषतः बारीक तंतू आणि मध्यस्थ पेशी यांचं नातं, पुढे दुरुस्त करावे लागले. गाभा टिकला. दोनच वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी स्वतःच्याच मज्जातंतूंना विजेचे सौम्य धक्के देऊन वेदना दबते हे पाहिलं. फिजिओथेरपीत आज वापरतात ते टेन्स यंत्र याच वाटेने आलं.

(इथवर दमछाक झाली असेल तर एवढंच लक्षात ठेवा: चोळल्याने बरं वाटतं आणि घाबरल्याने जास्त दुखतं, दोन्हींची जागा मज्जारज्जूत आहे.)

आता बाळंतपण. पहिल्या टप्प्यात, गर्भाशयाचं तोंड उघडत असताना, ताणाची खबर मुख्यतः बारीक तंतूंतून जाते आणि मज्जारज्जूच्या छातीच्या दहाव्या भागापासून कमरेच्या पहिल्या भागापर्यंत पोचते. त्याच भागांत कंबर आणि ओटीपोट यांच्या कातडीचे तंतूही येतात. म्हणून कळ ‘कमरेतून’ येते. आणि म्हणूनच कळ चढत असताना कुणी तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या वरती जोर देऊन दाबलं तर बाईला हायसं वाटतं. आपल्या सुइणी हे पिढ्यानपिढ्या करत आल्या, सबस्टॅन्शिया जिलॅटिनोसाचं नावही न ऐकता. दुसऱ्या टप्प्यात बाळ खाली सरकतं तेव्हा वेदना धारदार होते आणि मज्जारज्जूच्या खालच्या, त्रिक (सॅक्रल) भागातून निघणाऱ्या प्युडेंडल मज्जातंतूने जाते. तिथे कमरेवरच्या हाताचा उपयोग कमी आणि बसण्याच्या, वळण्याच्या मोकळीकीचा जास्त.

भीतीचं एक वेगळं गणित गर्भाशयातही आहे. ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड १९३० च्या दशकातच म्हणत होते की भीतीने ताण, ताणाने वेदना, वेदनेने पुन्हा भीती. त्यांचं सगळं म्हणणं टिकलं नाही. भीती काढली की वेदना उरतच नाही, हे खोटं. पण औषधशास्त्र त्यांच्या अर्ध्या बाजूने आहे. गर्भाशयाच्या स्नायूवर बीटा-२ ग्राही (रिसेप्टर) असतात. भीतीने शरीरात सुटणारं अ‍ॅड्रिनॅलिन तिथे बसलं की स्नायू सैलावतो आणि कळा मंदावतात. वेळेआधी कळा सुरू झाल्या की आपल्याकडे वर्षानुवर्षं दिली गेलेली आयसॉक्सुप्रिन हे ग्राही उद्दीपित करूनच काम करते. तेव्हा लेबर रूममध्ये ‘ओरडू नकोस, तेव्हा नाही का कळलं’ असं खेकसणारं माणूस असभ्य तर आहेच, पण कळांचा जोरही घालवतं. लेबर रूम सुधारण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानाची वागणूक आणि सोबतीची व्यक्ती यांवर भर आहे. १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांवरच्या २६ चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेचा २०१७ चा आढावाही हेच सांगतो: अखंड सोबत मिळाली तर नैसर्गिक प्रसूती वाढते आणि वेदनाशामकांची गरज थोडी कमी होते.

भाचीची तयारी मी जवळून बघतो. संध्याकाळी ती मुठीत बर्फाचा खडा धरते, ताई मोबाइलवर एक मिनिट लावते. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत काही नाही, मग बोटांच्या पेरांत ठणका, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आणि खांदे आपोआप कानांकडे चढतात. ताई पाठीवर हात फिरवते, ‘सोड, सोड श्वास’ म्हणते, खांदे उतरतात. बर्फ आणि कळ एक नव्हे; बर्फ टाकून देता येतो. पण दुखायला लागल्यावर आपलं शरीर आधी काय आवळतं हे यातून कळतं. श्वास सोडताना लांबवायचा. भराभर श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. सोबतीला कोण असणार हेही ठरवावं लागतं. जावई सातपूरला शिफ्टमध्ये, तो ऐन वेळी नसला तर ताईच. म्हणून दाबायचं कुठे आणि किती, हे दोघांनी शिकून घेतलंय.

आणखी एक हिशेब मी भाचीला करून दाखवला. कळा जोरात असताना साधारण तीन मिनिटांनी एक आणि ती मिनिटभराची धरली, तर तासातली वीस मिनिटं वेदनेची आणि चाळीस विश्रांतीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार पहिलटकरणीचा जोराचा टप्पा गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर सुरू होतो आणि सहसा बारा तासांच्या आत संपतो. बारा तास सलग कुणी किंचाळत नसतं.

आता गंगापूर रोडच्या फ्लेक्सकडे वळू. ‘संपूर्ण वेदनारहित नैसर्गिक प्रसूती, विशेष पॅकेज’ असं लिहिणाऱ्यांनी मेलझॅक यांचंच १९८४ चं व्याख्यान वाचावं. विषय होता वेदनारहित बाळंतपणाची दंतकथा. गेटचा सिद्धांत मांडणाऱ्या माणसाने स्वतः तपासलं तेव्हा प्रशिक्षण घेतलेल्या बायकांना सरासरीने कमी दुखलं, पण बहुतेकींना तरीही बरंच दुखलं. मंत्र, सीडी, हजारोंची पॅकेजं, कशानेही गेट पूर्ण मिटत नाही. पंचांगात मुहूर्त काढून सिझर करवणाऱ्यांबद्दल काय बोलावं? बाळाची फुप्फुसं पंचांग बघून पिकत नाहीत. आणि कळा याव्यात म्हणून कपभर एरंडेल पाजणाऱ्यांनो, त्याने हमखास लागतात ते जुलाब.

एपिड्युरल घेणं म्हणजे परीक्षेत नापास होणंही नव्हे. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत सोडलेलं भुलीचं औषध तंतूंमधले सोडियमचे मार्ग अडवतं. कमी मात्रेत वेदनेचे बारीक तंतू आधी बंद पडतात, पाय हलवणारे जाड तंतू बऱ्यापैकी चालू राहतात. त्याने सिझरचं प्रमाण वाढत नाही, कायमची कंबरदुखीही लागत नाही. या दोन्ही गोष्टी चाचण्यांत तपासून झाल्या आहेत. कळा वाढवायचं सलाईन लावावं लागलं की कळा जास्त जोरकस होऊ शकतात, तेव्हा आधी ठरवलेलं बदललं तर बिघडलं काय? रक्तस्राव, वाढलेलं बीपी, बाळाची हालचाल मंदावणं यांतलं काहीही झालं तर आपली योजना बाजूला आणि डॉक्टरांचं ऐकायचं.

शिवाय ‘औषधाशिवाय’ ही निवड म्हणायला दुसरा पर्याय हाताशी असावा लागतो. इंदिरानगरच्या भाचीला तो आहे. पेठ किंवा सुरगाण्याच्या पाड्यावरून जीपने नाहीतर १०८ ने येणाऱ्या बाईला नाही. ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास भूलतज्ज्ञ मिळणं मुश्कील. तिथे औषधाविना बाळंतपण हे तत्त्वज्ञान नसून नाइलाज आहे, आणि निदान कमरेवर हात ठेवणारं माणूस आत सोडलं तर त्याला खर्चही येत नाही.

पुढच्या तपासणीला भाची डॉक्टरांना चार गोष्टी विचारणार आहे. ताईला शेवटपर्यंत आत राहू देणार का. कळांमध्ये चालू-फिरू देणार की पहिल्यापासून आडवं झोपवणार. सलाईन गरज पडली तरच लावणार की सगळ्यांना सरसकट. आणि तिचा विचार बदललाच, तर रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतो.