कोड सेन्सरचा, म्हणून सेन्सर गेला?
जुनं पोकलेन विकत घ्यायला बघताना नागपूरजवळ वाडी-हिंगण्याकडे हमखास ऐकू येतं: 'सेन्सरचा कोड (मशीनने दाखवलेला बिघाडाचा नंबर) आहे, सेन्सर बदला, झालं!' असं नसतं. जे-१९३९ (अवजड गाड्या-मशीनच्या कंट्रोलरची ठरलेली संदेश-पद्धत) च्या मशीनवर कोडचे दोन आकडे असतात: एसपीएन म्हणजे दोष कशात, एफएमआय म्हणजे दोष कसला. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर. खरी गोम एफएमआयच्या आकड्यात. ३ (व्होल्टेज जास्त) किंवा ४ (कमी) असेल तर सर्किटचा दोष. आधी सेन्सरचं सॉकेट काढा, चावी ऑन करा, मल्टिमीटरने ५ व्होल्ट सप्लाय आणि अर्थिंग तपासा. पिनला हिरवट गंज, ब्रॅकेटला घासलेली वायर बहुतेकदा इथेच सापडते. १ असेल तर सिग्नल ठीक, प्रेशरच कमी. इंजिन लगेच बंद! डिपस्टिक बघा, मग मेकॅनिकल गेज लावा. विकणाऱ्याने कोड पुसला असेल, तर नागपूरच्या उन्हात इंजिन पूर्ण तापवूनच पुन्हा वाचा; थंड, घट्ट ऑइलवर झिजलेलं इंजिनही चांगलं प्रेशर दाखवतं.