तुरुंगातून निवडून आलेला मॅथ्यू लायन

अमेरिकेत १७९८ साली राजद्रोहाचा कायदा झाला आणि त्याखाली पहिला खटला उभा राहिला तो एका खासदारावर. मॅथ्यू लायन त्याचं नाव. मूळचा आयर्लंडचा, १७६४ साली बोटीचं भाडं फेडण्यासाठी राबायच्या करारावर अमेरिकेत आला. पुढे तो करार दोन बैलांच्या बदल्यात दुसऱ्या मालकाकडे गेला, असं सांगतात. विरोधक त्याला त्यावरून हिणवत, तर तो त्याच बैलांची शपथ घ्यायचा.

व्हरमाँटमध्ये त्याने फेअर हेवन गाव वसवलं, लोखंडाचा कारखाना आणि कागदगिरणी काढली. व्हरमाँट तेव्हा संघराज्यात नव्हतंच, १७९१ मध्ये आलं. त्याच्या विधानसभेत लायन अनेक वर्षं बसला आणि १७९७ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पोहोचला.

तिथे ३० जानेवारी १७९८ रोजी कनेटिकटचा खासदार रॉजर ग्रिसवोल्ड त्याच्या लष्करी कारकिर्दीवरून खवचट बोलला, तेव्हा लायन त्याच्या तोंडावर थुंकला. दोन आठवड्यांनी ग्रिसवोल्डने भर सभागृहात त्याला काठीने बडवलं. लायनने शेकोटीचा चिमटा उचलला. थुंकण्यावरून त्याच्या हकालपट्टीच्या बाजूने ५२ मतं पडली, विरोधात ४४. पण दोन तृतीयांश हवी होती, म्हणून खुर्ची वाचली.

सभागृहाला जमलं नाही ते कोर्टाने केलं. राष्ट्राध्यक्ष ॲडम्स यांना थाटामाटाची हाव आहे, असं पत्र त्याने वर्तमानपत्राला लिहिलं होतं. गंमत म्हणजे लिहिलं कायदा होण्यापूर्वी, छापून आलं नंतर. शिक्षा झाली चार महिने कैद आणि हजार डॉलर दंड. व्हरमाँटमधल्या व्हर्जेन्सच्या कोठडीच्या कोपऱ्यात संडास होता. त्याची दुर्गंधी म्हणजे ऑगस्टमधली फिलाडेल्फियाची गोदी, असं त्याने आतूनच कळवलं. आत असतानाच तो मोठ्या फरकाने पुन्हा निवडून आला.

राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेफर्सन आणि बर यांची मतं सारखी झाली आणि फेब्रुवारी १८०१ मध्ये निवड काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाकडे आली. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत होतं. छत्तिसाव्या फेरीत व्हरमाँटच्या दुसऱ्या खासदाराने माघार घेतली, आणि राज्याचं मत एकट्या लायनने जेफर्सनना दिलं. मग तो केंटकीला गेला, तिथल्या विधानसभेत बसला आणि १८०३ ते १८११ पुन्हा काँग्रेसमध्ये. १८२२ मध्ये आर्कान्सामध्ये वारला. दंडाची रक्कम काँग्रेसने त्याच्या वारसांना व्याजासकट परत केली, ती १८४० मध्ये.