वेदनेचा पुरावा कोणी द्यायचा?

लंगडणाऱ्या कोंबडीला दुखतं का, हे थेट कोंबडीलाच विचारता येतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात संशोधकांनी मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं. एकात कार्प्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेलं होतं, दुसरं साधं होतं. पाय अधू असलेल्या कोंबड्यांनी धडधाकट कोंबड्यांपेक्षा औषधाचं खाद्य जास्त निवडलं. लंगडणं जितकं जास्त, तितका त्यांच्या खाण्यात औषधी खाद्याचा वाटाही जास्त.

या कोंबड्या लंगडतात ते त्यांच्या वाढीच्या वेगामुळे. कॅनडातल्या संशोधकांनी 1957 सालचा जपून ठेवलेला वाण आणि 2005 सालचा व्यावसायिक वाण एकच खाद्य देऊन वाढवले. 56 दिवसांनी जुन्या वाणाची कोंबडी सुमारे 900 ग्रॅम भरली आणि नव्या वाणाची 4.2 किलो. कोवळ्या हाडांना इतकं वजन पेलत नाही. हा बदल आपण मुद्दाम, पिढ्यान् पिढ्या निवड करून घडवला. माणसाच्या खाण्यासाठी जगभरात दरवर्षी 8 हजार कोटींहून अधिक जमिनीवरचे प्राणी मारले जातात आणि त्यात बहुसंख्य कोंबड्याच असतात.

एखादा जीव आपल्या प्रजातीचा नाही, एवढ्याच कारणावरून त्याचं दुखणं कमी मोलाचं मानणं, याला प्रजातिवाद म्हणतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रायडर यांनी 1970 साली ही संज्ञा वापरली आणि 1975 पासून तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांच्या लेखनामुळे ती सर्वदूर गेली. वंशवाद आणि लिंगभेद यांच्या पंगतीत ती मुद्दाम बसवली होती. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी तर 1789 सालीच विचारलं होतं की या जीवांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हे प्रश्न बाजूला ठेवा. त्यांना यातना होतात का, ते सांगा.

आज या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेत शोधता येतं. नुसता झटका बसल्यावर अंग आक्रसणं ही प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते, त्यामुळे तेवढ्यावरून वेदना सिद्ध होत नाही. म्हणून प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रॉबर्ट एल्वूड यांनी हर्मिट खेकड्यांवर केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. हे खेकडे रिकाम्या शंखात घर करतात आणि त्यांना काही शंख इतरांपेक्षा जास्त आवडतात. शंखात सौम्य विजेचा झटका दिल्यावर नावडत्या शंखातले खेकडे अधिक प्रमाणात बाहेर पडले. आवडत्या शंखातल्यांनी घर सहजी सोडलं नाही. पुढच्या एका प्रयोगात पाण्यात शिकारी प्राण्याचा वास असताना तर झटका बसूनही शंख सोडण्याचं प्रमाण घटलं. झटका तोच, पण निर्णय परिस्थितीनुसार बदलतो. म्हणजे त्या इवल्याशा मज्जासंस्थेत नको असलेलं काहीतरी एका पारड्यात आणि गरज दुसऱ्या पारड्यात पडते आहे.

माशांचंही तसंच. जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी 2003 साली ट्राउट माशांच्या डोक्यावर व तोंडाभोवती इजा टिपणारे चेतातंतू असल्याचं दाखवलं. ओठात आम्ल टोचल्यावर मासे तळाच्या खडीवर ओठ घासू लागले आणि बराच वेळ खाण्याकडे फिरकले नाहीत. मॉर्फिन हे वेदनाशामक दिल्यावर हे वागणं कमी झालं.

मॉर्फिनवरून एक विसंगती डोळ्यांत खुपते. माणसासाठीची वेदनाशामकं आधी उंदीर-घुशींवर तपासली जातात, कारण त्यांच्या आणि आपल्या वेदनेची जैविक यंत्रणा बरीच सारखी आहे. औषध शोधताना हे साम्य आपण गृहीत धरतो. त्याच प्राण्याला कसं वागवायचं हा विषय निघाला, की मात्र पुरावा मागू लागतो.

पुरावा तपासणारं मन तटस्थ नसतं, हेही प्रयोगातून दिसलं आहे. 2010 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात काही जणांना खायला सुकवलेलं गोमांस दिलं आणि काहींना काजू. नंतर प्राण्यांबद्दल विचारलं तेव्हा मांस खाल्लेल्यांनी कमी प्राणी नैतिक काळजीला पात्र ठरवले आणि गायीचा नैतिक दर्जाही कमी आखला. गाय तीच होती, फक्त खाणाऱ्याची सोय बदलली होती. अलीकडच्या दुसऱ्या एका अभ्यासात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांनी माणसाला प्राण्यांपेक्षा मोठ्यांइतकं झुकतं माप दिलं नाही. ही उतरंड बऱ्याच अंशी आपण मोठे होताना शिकतो, असं त्या संशोधकांचं म्हणणं होतं.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. आपल्या माणसांबद्दल जास्त ओढ वाटणं स्वाभाविक आहे, मग स्वतःच्या प्रजातीबद्दल वाटली तर काय बिघडलं? आगीत सापडलेल्या माणूस आणि कुत्रा यांपैकी मीही माणसालाच आधी बाहेर ओढेन. पण प्राण्यांशी आपला रोजचा व्यवहार असा आणीबाणीचा नसतोच. तिथे कोणाला वाचवायचं हा प्रश्न नसतो. आपल्या किरकोळ सोयीसाठी दुसऱ्याला किती दुखवायचं, हा असतो. स्वतःच्या मुलावर जास्त प्रेम आहे म्हणून परक्या मुलाला इजा करायची मुभा आपण कोणालाही देत नाही.

कायदे हळूहळू सरकत आहेत. स्वित्झर्लंडमध्ये 2018 पासून लॉब्स्टर आधी बेशुद्ध केल्याशिवाय उकळत्या पाण्यात टाकता येत नाही. ब्रिटनच्या 2022 च्या कायद्याने खेकडे, लॉब्स्टर, कोळंबी, ऑक्टोपस आणि माकूल यांनाही संवेदनशील प्राणी मानलं. त्याआधी तत्त्वज्ञ जोनाथन बर्च यांच्या गटाने 300 हून अधिक शास्त्रीय अभ्यास चाळून अहवाल दिला होता. या कायद्याने कोणतीही पद्धत थेट बंद होत नाही, पण धोरण ठरवताना या प्राण्यांना काय वाटतं याची दखल घ्यावी लागते.

अशी दखल कुठे हवी, याचं उदाहरण कोळंबीपालनात सापडतं. मादी कोळंबीच्या डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते आणि तिची संप्रेरकं अंडाशयाची वाढ रोखून धरतात. अंडी लवकर मिळावीत म्हणून अनेक ठिकाणी मादीचा एक डोळा देठासकट छाटतात किंवा चिरडतात. तिथे आधी बधिरीकरणाचं औषध लावलं, तर छाटताना कोळंबीची तडफड कमी होते, हे 2004 साली दाखवलं गेलं. डोळा न छाटता प्रजनन करणारे उत्पादकही आता आहेत.