प्रवासी हवापंप (रस्त्यावरच्या सायकलीचा)

वाटेत पंक्चर काढल्यावर टायरमध्ये पुन्हा हवा भरता यावी म्हणून सायकलस्वार सोबत बाळगतो ते साधन. दांडीला बसणारा लांब फ्रेम पंप, खिशात मावणारा मिनी पंप, कार्बन डायऑक्साइडची कुपी आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप हे त्याचे आजचे प्रकार. घरात उभा ठेवायचा फ्लोअर पंप यात मोडत नाही. मात्र ज्याच्या घरी तो आहे आणि जो आठवड्यातून एकदा तरी तो वापरतो, त्याला वाटेतल्या पंपाची गरज कमी पडते. कमी हवेचा टायर खड्ड्यात रिमवर आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात, आणि ते पंक्चर केवळ आळसाचे असते.

जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये बेलफास्टला हवेचा टायर चालता केला आणि तेव्हापासून हवा भरण्याची कटकटही सायकलस्वाराच्या मागे लागली. १८९१ च्या पहिल्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ मिशलँचे काढता-घालता येणारे टायर वापरून जिंकला. पुढे कित्येक दशके पंप हा सायकलीचा भागच होता. जुन्या काळ्या रोडस्टर सायकलींच्या दांडीला तो अडकवायच्या खुंट्या असत. मिलानमध्ये १९१७ साली सुरू झालेल्या सिल्का कंपनीचे फ्रेम पंप युरोपातल्या रेसिंग सायकलींवर सर्रास दिसत. उतरत्या दांडीच्या फ्रेम आल्या आणि लांब पंपाला जागा उरली नाही. हवा भरण्याच्या कामात मात्र तो आजच्या बहुतेक मिनी पंपांना मागे टाकतो.

पंप निवडताना खोक्यावर छापलेला ‘कमाल १२० पीएसआय’ हा आकडा बहुतेक वेळा निरुपयोगी असतो. तेवढा दाब पंपाची नळी सोसते, एवढाच त्याचा अर्थ. हात तेवढा सोसतीलच असे नाही. खरा प्रश्न नळीच्या आतल्या व्यासाचा आहे. २० मिमी व्यासाच्या पंपात टायरचा दाब ७ बार (सुमारे १०० पीएसआय) झाला की दांडा दाबायला जवळजवळ २२ किलोचा जोर लागतो. व्यास ३० मिमी असेल तर त्याच दाबाला ५० किलो लागतात, आणि रस्त्याकडेला उभे राहून एवढा जोर शंभरदा लावणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. उलट जाड पंप एका फटक्यात सव्वादोन पट हवा ढकलतो. म्हणून अरुंद, कडक टायरला बारीक आणि लांब पंप हवा. रुंद, मऊ टायरला आखूड आणि जाड पंप चालतो. ३ बारवर चालणाऱ्या ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याच्या रुंद) टायरला ३० मिमीच्या पंपात लागणारा जोर हा ७ बारला २० मिमीच्या पंपात लागणाऱ्या जोराएवढाच असतो.

फटक्यांचा हिशेबही यातूनच निघतो. ७००×२५ (म्हणजे २५ मिमी रुंदीच्या) टायरमध्ये साधारण १ लिटर जागा असते. ६ बारसाठी बाहेरची ६ लिटर हवा आत घालावी लागते. २० मिमी व्यास आणि १५ सेंमी फटका असलेला पंप एका वेळी ४७ घन सेंमी हवा देतो. म्हणजे कागदावर सुमारे १३० फटके. नळीत आणि पंपाच्या डोक्यात (वॉल्व्हवर बसणाऱ्या टोकात) अडकून राहणाऱ्या हवेमुळे प्रत्यक्षात ते बरेच वाढतात. ‘हातभर मोठा पंप नको, खिशातला द्या’ म्हणणाऱ्याने हा हिशेब दुकानातच करावा. गेल्या काही वर्षांत रस्त्यावरच्या सायकलीचे टायर २३ वरून २८ मिमी आणि त्यापुढे गेले, दाब खाली आले आणि मिनी पंपाचे काम पूर्वीपेक्षा सुसह्य झाले.

पंप ट्यूबच्या वॉल्व्हला बसतो की नाही हे आधी पाहावे. रोड बाइकला बहुधा बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असतो, मोटारसायकलीला जाड श्रेडर आणि साध्या रोडस्टरला डनलॉप पद्धतीचा. हायवेवरच्या पंक्चरवाल्याचा कंप्रेसर श्रेडरला बसतो; प्रेस्टावर चढवायची पितळी टोपी जवळ असेल तरच तो उपयोगी पडतो. ही टोपी काही ग्रॅमची असते, तिच्याशिवाय कोणी घराबाहेर पडू नये. प्रेस्टाची वरची चकती सैल करून टोक एकदा दाबायचे, मगच पंप लावायचा. पंपाचे डोके थेट वॉल्व्हवर बसवून जोराने हलवले तर वॉल्व्हची काडी वाकते किंवा मुळाशी ट्यूब फाटते. म्हणून लवचिक रबरी नळी असलेला पंप घेणे शहाणपणाचे. मात्र आट्यांनी बसणारी नळी काढताना कधीकधी वॉल्व्हचा गाभाही सोबत उलगडून येतो आणि भरलेली सगळी हवा जाते. निघण्यापूर्वी तो गाभा घट्ट आहे ना, हे बघून घ्यावे.

कार्बन डायऑक्साइडची कुपी वेळ वाचवते. १६ ग्रॅमच्या कुपीतून सुमारे ९ लिटर वायू निघतो. २५ मिमीचा टायर काही सेकंदांत साधारण ८ बारपर्यंत आणि २८ मिमीचा ६ ते ७ बारपर्यंत भरतो. हूकलेस रिमसाठी (जिच्या कडेला टायर धरून ठेवणारा आकडा नसतो) ५ बार ही मर्यादा आहे. तिथे अख्खी कुपी रिकामी करणे धोक्याचे, म्हणून वायू थांबवता येणारी तोटी असलेलेच डोके घ्यावे. वायू सुटताना कुपी इतकी गार पडते की उघड्या बोटांना इजा होते. हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे घरी पोचल्यावर तो सोडून साधी हवा भरावी लागते. ट्यूबलेस टायरमधल्या काही सीलंटनाही (भोक आपोआप बुजवणाऱ्या द्रवांनाही) तो मानवत नाही. आणि मुख्य म्हणजे टायरमध्ये रुतून राहिलेल्या काट्याकडे दुर्लक्ष झाले तर कुपी वाया जाते, दुसरी असली तरच पुढे जाता येते. शर्यतीत कुपी समजू शकते. लांब पल्ल्याला ती पंपाच्या जोडीला असावी, पंपाऐवजी नव्हे.

बॅटरीचे पंप हल्ली शंभर-दीडशे ग्रॅमचेही मिळतात. कष्ट नाहीत, आवाज भरपूर. छोट्या पंपात एका चार्जिंगवर रोड टायर एक-दोनदा भरून होतो. दाबल्या जाणाऱ्या हवेने डोके तापते, तेव्हा लगेच हात लावू नये. चार्जिंग विसरले की तो नुसताच वजनाचा ठोकळा.

पुणे, मुंबई, नाशिककडच्या बीआरएम (ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) करणाऱ्यांना हे विवेचन नवे नाही. २०० किमीसाठी साडेतेरा तास मिळतात आणि नियमानुसार मदत फक्त कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणी नाक्यावर) घेता येते. ताम्हिणी किंवा वरंध घाटात पहाटे पंक्चरवाला सापडत नाही. बाभळीचा काटा दिसतो तरी. फुटलेल्या ट्रक टायरची केसासारखी तार टायरमध्ये रुतून बसते आणि नव्या ट्यूबलाही भोक पाडते. पावसाळ्यात ओल्या टायरमध्ये अशा वस्तू आणखी सहज घुसतात. म्हणून हवा भरण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवणे हा पंपाच्या वापराचाच भाग मानला जातो.

पंप बाटलीशेजारी उघडा लटकवला तर चिखल आत जातो, वॉशर कोरडा पडतो आणि ऐन वेळी दांडा नुसताच पुढे-मागे होतो. पावसाळा संपल्यावर तो उघडून पुसावा आणि वॉशरला सिलिकॉन ग्रीसचे बोट लावावे. विमानाने सायकल नेताना कुप्यांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते, आणि बॅटरीचा पंप हातातल्या सामानात ठेवणे बरे. साध्या हातपंपाबद्दल असा कोणताही प्रश्न येत नाही.